आज कटल्याची पाळी

पहाटे 4

जुलै हा आमच्या धंद्याचा सुगीचा महिना. पनवेलहून नेऱ्याकडे जाताना गाढी नदीच्या अलीकडे आमचं लहानसं मत्स्यबीज केंद्र आहे. दोन गोल प्रजनन टाक्या, उबवणीच्या टाक्या, प्रजनक माशांची तळी आणि एक पत्र्याची खोली. काल संध्याकाळी साडेसहाला रोहूंना इंजेक्शनं दिली. ओव्हाप्रिम हे प्रजननाचं औषध दिल्यावर मासे आठ ते बारा तासांत अंडी सोडतात, म्हणून पहाटेची ही झोप जुलैत कुणालाच मिळत नाही.

टाकीत धपाधप चाललेली असते. नर मादीच्या पोटाला ढुशा देतो, ती अंडी सोडते, नर त्याच क्षणी चीक सोडतो आणि सगळं फिरत्या पाण्यात मिसळतं. फलन असं उघड्यावर होतं. आमच्या धंद्यातला सगळा घोळ आणि गोड्या पाण्यातल्या माशांच्या उत्क्रांतीतली बरीचशी गंमत, दोन्हींचं मूळ इथं आहे. त्या वेळी पाण्यात दुसऱ्या जातीचा चीक असला तर अंडं त्याला दार लावून घेत नाही. रोहू, कटला, मृगळ, तिन्ही जातींची गुणसूत्रं पन्नासच. संकर सहज जमतो, पिल्लं जगतात, आणि पुढं त्यांनाही पिल्लं होतात.

या तिन्ही जाती मूळच्या गंगेच्या खोऱ्यातल्या, उत्तरेकडच्या मोठ्या नद्यांमधल्या. पुराचं पाणी चढलं की त्या अंडी घालणार. तळ्यात पूर नाही म्हणून अंडीही नाहीत. हीरालाल चौधरी यांनी 10 जुलै 1957 रोजी ओडिशात अंगुलला पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांकडून बंदिस्त पाण्यात अंडी घालून घेतली. म्हणून 10 जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन. त्याआधी बंगालच्या नद्यांत जाळी लावून बीज गोळा करायचे आणि त्यात काय काय येईल ते नदीच्या मर्जीवर असायचं. आता मर्जी आमची. नेमकी तीच भानगड आहे.

सकाळी 6

अंडी उबवणी टाकीत उतरली. ओंजळीत घेऊन बघायची. पाणी पिऊन फुगलेलं रोहूचं अंडं भिजवलेल्या साबुदाण्यासारखं दिसतं. फळलेलं असेल तर काचेसारखं आरपार आणि आत एक ठिपका, न फळलेलं पांढरट. पांढरी जास्त दिसली की समजायचं, नर कच्चे होते किंवा पाण्याचं काहीतरी बिनसलंय. आज पांढरी थोडी आहेत. रोहूची मादी आपल्या वजनाच्या किलोमागे दोन लाखांच्या आसपास अंडी देते, त्यामुळे थोडी पांढरी सोसतात.

प्रजनकांना टाकीतून काढून परत तळ्यात सोडायचं काम मामांचं. मामा मालडुंग्याकडच्या ठाकूरवाडीतले. माशाला हात लावायच्या आधी हात ओला करायचा, हे मला पुस्तकाने नाही, त्यांनी शिकवलं.

सकाळी 7.30

तीन दिवसांपूर्वीची जिरे, म्हणजे अंड्यातून नुकती निघालेली पिल्लं, आज विक्रीला. अंड्यातून बाहेर पडल्यावर पिल्लू तीन दिवस पोटाला लागलेल्या पिवळ्या पिशवीवर जगतं; ती संपत आली की बाहेरचं खाणं हवं. तेव्हाच विकायची. मापात गाळून मोजायची, प्लास्टिकच्या पिशवीत एक भाग पाणी, वर ऑक्सिजन, रबर आवळायचं. टेम्पो बाहेर उभा असतो, पाऊस तिरका येतो, आणि गिऱ्हाईक दहा पैशांवरून घासाघीस करतं.

भाव सगळे विचारतात. वाढ किती, मरतुक किती, तेही विचारतात. जिऱ्याचे आईबाप कोण, हे विचारणारा क्वचित भेटतो. जिरे सात मिलिमीटरची. रोहूची, कटल्याची किंवा दोघांच्या संकराची, डोळ्याने ओळखता येत नाहीत. पिशवीवर जे नाव लिहिलं तेच खरं मानायचं. भाताच्या बियाण्याच्या पिशवीवरचं लेबल वाचणारा शेतकरी माशाच्या बाबतीत इतका भोळा का होतो, मला कळत नाही. हे पनवेल आहे. इथल्या खारभूमी संशोधन केंद्राने खाऱ्या जमिनीत तग धरणारे ‘पनवेल 1’, ‘पनवेल 2’, ‘पनवेल 3’ हे भाताचे वाण दिले. वाण म्हणजे काय, हे आमच्या तालुक्याला शिकवायची गरज नाही.

सकाळी 9.45

उरण नाक्याचा मासळी बाजार. मुंबईत मत्स्यशास्त्र शिकणारी एक मुलगी आज आलीय. तिचा विषय बाजारातल्या कार्पमधले संकर. तिच्या पिशवीत अल्कोहोलच्या छोट्या कुप्या, कात्री आणि वही.

गोड्या पाण्यातल्या माशांच्या टोपलीपाशी आम्ही थांबलो. यातला बराचसा माल आंध्रातून बर्फात येतो. कटल्याच्या ढिगात एक मासा जरा वेगळा दिसला. कटल्याचं डोकं मोठं, जबडा वर वळलेला, ओठ साधे. याचं डोकं त्या मानाने लहान, तोंड पुरतं वर वळलेलं नाही, आणि खालचा ओठ नखाने उलटून पाहिला तर कडेला बारीक झालर. झालर ही रोहूची खूण. अंग मात्र कटल्यासारखं भरलेलं आणि उंच.

“मावशी, हा कुठला?”

“कटलाच हाय. दुसरा कुठला असनार?”

“शेपटाचा एवढासा तुकडा कापून घेऊ?” मुलीने विचारलं.

“काप बाय. पन पैसं पुऱ्या माशाचं.”

पुऱ्या माशाचे पैसे दिले. तुकडा कुपीत गेला, मासा माझ्या पिशवीत.

परतीच्या रिक्षात तिने तिच्या कामातली मेख सांगितली. डीएनए बारकोडिंग ही पद्धत कॅनडातल्या पॉल हेबर्ट यांनी 2003 मध्ये मांडली. माशाच्या एका ठरावीक जनुकाची साधारण साडेसहाशे अक्षरं वाचायची आणि जात ओळखायची. ते जनुक मायटोकाँड्रियातलं, आणि मायटोकाँड्रिया येतात फक्त आईकडून. त्यामुळे आई कटला आणि बाप रोहू असलेला मासा या परीक्षेत शंभर टक्के कटला म्हणून पास होतो. बाप शोधायचा तर पेशीकेंद्रातला डीएनए वाचावा लागतो, त्याला खर्च जास्त, वेळ जास्त. “म्हणजे सर, नुसतं बारकोडिंग केलं तर सगळे संकर आईच्या नावावर खपून जातात,” ती म्हणाली. आमच्या हॅचऱ्यांच्या सोयीची एवढी परीक्षा दुसरी नसेल.

सकाळी 11.30

केंद्रावर पोचलो तर चार-पाच तरुण वाट बघत बसलेले. निसर्गप्रेमी मंडळ, पनवेलचंच. गाडेश्वरला, म्हणजे देहरंगच्या धरणात, महसीरची पिल्लं सोडायचा कार्यक्रम ठरवलाय. पाहुणे ठरलेत, बॅनर छापायला गेलाय. पिल्लं कुठं मिळतील?

त्यांना बसवून चहा दिला आणि आमच्या डोक्यावर, घाटमाथ्यावर घडलेली गोष्ट सांगितली. हा भाग मी जरा लांबवतोच, कारण अशी मंडळं दर पावसाळ्यात निघतात.

दख्खनच्या महसीरला शास्त्रात ‘टॉर खुद्री’ म्हणतात. कर्नल साइक्स यांनी 1839 मध्ये त्याचं वर्णन केलं, ते पुण्याच्या पूर्वेच्या मुळा-मुठेच्या पाण्यातल्या माशावरून. धरणं, सुरुंग आणि विषप्रयोग यांनी हा मासा घटत गेला. 1970च्या दशकात लोणावळ्याला वळवणच्या तलावापाशी टाटांच्या वीज कंपनीने महसीरची हॅचरी उभी केली. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि ओगले यांनी तिथं महसीरचं कृत्रिम प्रजनन बसवलं. दोन जातींच्या महसीरांचे संकरही करून पाहिले. लाखांनी बोटुकली तयार झाली आणि देशभर गेली. दख्खनचा महसीर टिकला यात त्या कामाचा वाटा आहे, यात मला शंका नाही. 2018 मध्ये आययूसीएन या निसर्गसंवर्धन संस्थेने त्याला ‘धोक्यात’ या यादीतून काढून ‘चिंता कमी’ या यादीत टाकलं.

हीच बोटुकली 1970च्या दशकाच्या उत्तरार्धात कावेरीत सोडली गेली. हेतू चांगलाच होता. गळाने मासेमारी करणाऱ्यांना नदीत मासा हवा होता. कावेरीत आधीपासून स्वतःचा एक महसीर होता, पाठीला उंचवटा असलेला, पन्नास किलोच्या वर जाणारा. 1946 मध्ये म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांनी गळाला लावलेला महसीर 120 पौंडांचा होता, तो याच खोऱ्यातला. एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि सहकाऱ्यांनी कावेरीवरच्या मासेमारी तळांच्या जुन्या नोंदी काढल्या, 1998 ते 2012 पर्यंतच्या. सोडलेला दख्खनचा, निळ्या पंखाचा महसीर वाढत गेलेला आणि मूळचा उंचवट्याचा जवळजवळ दिसेनासा झालेला. गंमत म्हणजे या एवढ्या प्रसिद्ध माशाला धड शास्त्रीय नावही नव्हतं. केरळातल्या पांबार नदीतून 2007 मध्ये वर्णन झालेला ‘टॉर रेमादेवी’ तो हाच, हे जनुकं आणि शरीररचना दोन्ही तपासून 2018 मध्ये ठरलं. त्याच वर्षी तो ‘अतिसंकटग्रस्त’ यादीत गेला. जागेची आणि अन्नाची स्पर्धा, वर संकराची टांगती तलवार. एका जातीला वाचवणारी हॅचरी, आणि दुसऱ्या नदीत गेल्यावर तेच बीज दुसऱ्या जातीच्या मुळावर.

“पण महसीर तर आपलाच ना?” त्यातला एक म्हणाला.

कुणाचा आपला? सह्याद्रीच्या पूर्वेला उतरणारं पाणी बंगालच्या उपसागराला जातं, पश्चिमेचं अरबी समुद्राला. दोन्हींकडचे मासे लाखो वर्षं एकमेकांना भेटलेले नाहीत. पश्चिमेच्या नद्या आखूड, एकमेकींपासून तुटलेल्या. गाढीतला मासा पाताळगंगेत जायचा तर मध्ये खारं पाणी. अशा तुटलेपणातूनच नव्या जाती होतात. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाच्या कुंडातल्या छोट्याशा माशाला 2020 मध्ये ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ हे नाव मिळालं आणि 2021 मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. माणसाने सह्याद्रीची ही भिंत आधीच पोखरली आहे: 1915 पासून लोणावळा-वळवणचं पाणी, जे इंद्रायणीतून पूर्वेला जायचं, ते नळांतून खोपोलीच्या वीजघरात उतरतं आणि पाताळगंगेला मिळतं. निदान पिशवीत भरून तरी ओतू नका.

त्यांना म्हटलं, रायगडातच महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंडीला जा. वरदायिनी देवीचे मासे म्हणून तिथले महसीर कुणी पकडत नाही. भाविक त्यांना चुरमुरे घालतात. तिथं कुणी बाहेरून आणून सोडलेले नाहीत, फक्त मारलेले नाहीत. संवर्धनाचा एवढा स्वस्त नमुना दुसरा नाही. मंडळी जरा हिरमुसली. बॅनरवर महसीरऐवजी काय छापायचं, हा प्रश्न उरलाच. नदीकाठचा कचरा उचला म्हटलं. त्याला पाहुणा मिळत नाही म्हणाले.

दुपारी 1

जेवण. बाजारातला संकर मामांच्या घरून आलेल्या कालवणात. चव चांगली, डोकं लहान म्हणून मांस जास्त. आपल्याकडे 1950च्या दशकाच्या शेवटी चौधरी आणि सहकाऱ्यांनी कार्पचे संकर मुद्दाम केले ते अशाच हिशोबाने: कटल्याचं अंग आणि रोहूचं डोकं. खायला म्हणून त्यात वाईट काही नाही, आणि तो विषारी वगैरे असल्याच्या गप्पांना अर्थ नाही.

जेवताना मुलगी विचारत होती, संकर इतका वाईट असेल तर निसर्गात टिकला कसा? वाईट आहे असं मी म्हटलेलंच नव्हतं. आमच्या टाकीतला सायप्रिनस घ्या. त्याची गुणसूत्रं 100, रोहूच्या दुप्पट. साधारण एक कोटी वर्षांपूर्वी दोन वेगळ्या जातींच्या माशांचा संकर झाला, दोघांचेही पूर्ण संच एकत्र राहिले, आणि त्यातून जी कुळी निघाली तिच्यात आजचा सायप्रिनस आणि घरोघरचा गोल्डफिश आहेत. जनुकांच्या दोन प्रती हाताशी असल्या की एक जुनं काम बघते, दुसरीला नवं काही करून बघायची मोकळीक मिळते. सायप्रिनस जगात कुठल्याही डबक्यात तग धरतो त्याचं एक कारण हे मानतात. कटला आणि सायप्रिनस यांचा संकर केला तर मात्र 50 आणि 100 यांचं जमत नाही. पिल्लं वाढतात, वंश चालत नाही.

गटारात डासांच्या अळ्या खायला आपण गप्पी सोडतो. त्यांच्या नात्यातला अॅमेझॉन मॉली हा मासा टेक्सास-मेक्सिकोकडचा, आणि त्यात नरच नाहीत. हब्ज पतिपत्नींनी 1932 मध्ये दाखवलं की या माद्या आपल्याच प्रती जन्माला घालतात. शेजारच्या जातीच्या नराचा चीक लागतो, पण फक्त अंडं जागं करायला, त्याची जनुकं घेत नाहीत. दोन जातींच्या एका जुन्या संकरातून ही जात निघाली, आणि सुमारे लाखभर वर्षं अशीच चाललीय.

सगळ्यात मोठं उदाहरण आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवराचं. सुमारे 15,000 वर्षांपूर्वी ते कोरडं पडलं होतं. पुन्हा भरल्यावर आज तिथं सिक्लिड माशांच्या पाचशेच्या आसपास जाती. एवढ्या थोड्या वेळात एवढं वैविध्य आलं कुठून? मायर, झेहाउझेन आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये जनुकं वाचून दाखवलं की दीडेक लाख वर्षांपूर्वी त्या भागात दोन दूरच्या कुळी, एक काँगोकडची आणि एक नाईलकडची, मिसळल्या होत्या. नवीन जनुकं घडायची वाट बघावी लागली नाही. जुनीच वेगवेगळ्या जोड्यांनी वाटली गेली. खोल पाण्यात एक जोडी कामाची, उथळात दुसरी. डोळ्यांतल्या रंग ओळखणाऱ्या जनुकांत हे फार स्पष्ट दिसतं.

त्याच सरोवरात उलटही झालं. माद्या नराचा रंग बघून जोडीदार निवडतात. शेतीची माती आणि सांडपाणी येऊन पाणी गढूळ झालं, रंग दिसेनासा झाला, आणि वेगळ्या झालेल्या जाती पुन्हा एकमेकींत विरघळू लागल्या. झेहाउझेन यांनी 1997 मध्ये हे मांडलं. मिसळण्याने जाती घडतात आणि मिसळण्यानेच मोडतात. निवड करायला नदी आणि हजारो पिढ्या असल्या तर घडण्याची शक्यता. आमच्याकडे निवड करायला टेम्पोवाला असतो आणि वेळ सकाळी साडेसातची.

दुपारी 2.30

फोन. खालापूरकडचा माणूस, ओळख सांगत नाही. “मांगूरचं बीज आहे का?” नाही म्हटलं. “सगळे करतात साहेब, तुम्हीच तेवढे…” ठेवला.

आफ्रिकन मागूरवर केंद्राने 2000 मध्ये बंदी घातली. राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये पुन्हा बजावलं. तरी कोंबडीच्या आतड्यांवर पोसलेली तळी आमच्या पट्ट्यात अधूनमधून सापडतात आणि खात्याचे लोक येऊन ती नष्ट करतात. हा मासा घाणीत जगतो, हवा घेतो, दुसऱ्यांची पिल्लं खातो, एवढं सगळ्यांना ठाऊक आहे. जनुकांची बाजू कुणी बोलत नाही. आपला देशी मागूर वेगळी जात, गुणसूत्रं 50, आफ्रिकनची 56. मागूरचा नर कार्पसारखा चीक सोडत नाही, त्याचे वृषण काढून कुस्करावे लागतात. म्हणजे संकर करणाऱ्याला कुठल्या नराचा वापर केला ते कुणी विचारणारही नाही. थायलंडमध्ये त्यांच्या स्थानिक मागूर जातीचा आणि आफ्रिकनचा संकर मोठ्या प्रमाणावर पाळतात, आणि आफ्रिकन जनुकं तिथल्या नद्यांतल्या रानटी मागूरात उतरलेली सापडली आहेत. देशी मागूर आधीच आययूसीएनच्या संकटग्रस्त यादीत आहे. त्याच्या शेतीला माझा विरोध नाही. देशीच्या नावाखाली दुसरं काही विकण्याला आहे.

दुपारी 3.30

आता आजचं खरं काम. आज कटल्याची पाळी. तळ्यात जाळं टाकलं, दोन्ही काठांनी ओढत आणलं. मामा छातीभर पाण्यात उभे राहून एकेक मासा हाप्याच्या जाळीत घेतात.

मादी ओळखायची पोटावरून: फुगीर, मऊ, मागचं द्वार सुजून लालसर. नराच्या छातीच्या पंखावर अंगठा फिरवला तर खरखरीत लागतो. पोट हलकं दाबलं की पांढरा चीक येतो. मादीचा पंख गुळगुळीत. कटला तयार व्हायला रोहूपेक्षा वेळ घेतो, तीनेक वर्षं, आणि नरांचा ताळमेळ कायम चुकतो. आजही तेच. माद्या भरपूर तयार, नर मोजके. काहींचा चीक पाण्यासारखा पातळ.

“रोहूचं नर घाला दोन-चार,” मामा म्हणाले. “पानी एकच, कुनाला कळतंय?”

ही सूचना कुठल्याही हॅचरीत जुलैच्या दुपारी होते, आणि बहुतेक ठिकाणी मानली जाते. एकाच गोल टाकीत कटला, रोहू, मृगळ एकत्र सोडले तर नर कमी पडत नाहीत आणि रात्र वाया जात नाही. अंड्यांचा आकडा चांगला दिसतो. मिश्र बीज मिश्र शेतीलाच जायचं, मग बिघडलं काय, असा युक्तिवाद. बिघडतं ते पुढं. याच जिऱ्यांमधून दोन-तीन वर्षांनी कुणीतरी मोठे मासे प्रजनक म्हणून ठेवतो. संकर प्रजननक्षम, तो पुन्हा रोहूशी किंवा कटल्याशी मिसळतो. पहिल्या पिढीत दोघांचं मधलं दिसणारं रूप दुसऱ्या पिढीत विस्कटतं: एक लवकर वाढतो, एक खुंटतो, एकाचं तोंड पृष्ठभागाचं आणि एकाचं मधल्या थरातलं. मिश्र मत्स्यशेतीचा सगळा हिशोब कटला वरचं खातो, रोहू मधलं, मृगळ तळाचं, यावर आहे. तो हिशोब चिखलात जातो.

दुसरा हिशोब नरांच्या संख्येचा. नोंदवहीत मी मुलीला मांडून दाखवला. माद्यांची संख्या गुणिले नरांची संख्या, त्याला चारने गुणायचं आणि एकूण माशांनी भागायचं. पंचवीस माद्या आणि पंचवीस नर असले तर उत्तर 50. पंचेचाळीस माद्या आणि पाच नर, मासे तेवढेच पन्नास, उत्तर 18. म्हणजे पन्नास मासे पाळून जनुकांच्या दृष्टीने अठराच पाळल्यासारखे. दर पिढीला असं केलं की भावाबहिणींची लग्नं लागतात. एकनाथ आणि डॉयल यांनी 1990 मध्ये कर्नाटकातल्या हॅचऱ्यांचा असाच हिशोब मांडला तेव्हा परिणामकारक संख्या अगदी तोकडी निघाली होती. पिल्लं कमी वाढतात, वाकडी निघतात, आणि शेतकरी खाद्याला दोष देतो.

उलट बाजूचं उदाहरण भुवनेश्वरच्या, गोड्या पाण्यातल्या मत्स्यपालनावर काम करणाऱ्या संस्थेचं. 1992 पासून त्यांनी गंगा, यमुना, गोमती, सतलज आणि ब्रह्मपुत्रा या पाच नद्यांतले रोहू गोळा केले, त्यांच्यात तळ्यातल्या रोहूंची भर घातली, आणि पिढ्यान्‌पिढ्या वाढीवर निवड केली. स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, 1997 मध्ये, ‘जयंती रोहू’ आला. दर पिढीला वाढ सरासरी 17 टक्क्यांनी सरस. जात एकच, नद्या पाच. मिसळायचंच असेल तर ते असं, आणि कागदावर नोंद करून.

मामांना म्हटलं, रोहूचे नर नको. जेवढे कटल्याचे चांगले नर तेवढ्याच जोडीच्या माद्या घेऊ, बाकीच्या परत सोडू. त्यांनी मान हलवली, पण “शेठ, धंदा असा नाय होत” हे पुटपुटले. ते बरोबरही आहेत. आजच्या जिऱ्यांचं उत्पन्न निम्म्यावर आलं.

संध्याकाळी 6

इंजेक्शनं. मादीला किलोमागे अर्धा मिली, नराला त्याच्या निम्मं. छातीच्या पंखाच्या तळाशी, खवला उचलून, सुई तिरकी. एक जण मासा ओल्या फडक्यात धरतो, दुसरा टोचतो, तिसरा वजन लिहितो. टोचलेल्या प्रत्येक माशाच्या पंखाचा कण मुलीने कुपीत घेतला. या टाकीतल्या जिऱ्यांचे आईबाप निदान नावानिशी माहीत राहतील.

संध्याकाळी 7.30

पाऊस वाढला. गाढीच्या काठाला बॅटऱ्या दिसू लागल्या. पहिल्या पावसात वलगणीची मासेमारी जोरात असते, पण जुलैतही मासे चढतात. मळे, शिंगट्या, एखादी वाम, ओढ्यातून भाताच्या खाचरांकडे अंडी घालायला. पोटात अंडी असलेलाच मासा पकडायचा ही आमच्या भागातली जुनी हौस. दोन पिढ्यांपूर्वी नदीला ती परवडत होती, आता परवडत नाही, असं माझं मत आहे, आणि ते गावात कुणाला आवडत नाही. एका पोराच्या पागेत सकर निघाला, काटेरी पाठीचा, काचेच्या टाकीतली शेवाळ खायला आणतात तो. दक्षिण अमेरिकेतला. आशियातल्या नद्यांत पसरलेले हे सकर बहुतेक दोन जातींच्या संकराचे असतात. कुणीतरी घरची टाकी रिकामी केलेली. पोराला त्याचं काय करायचं कळेना. नदीत परत टाकू नकोस, एवढं सांगितलं.

रात्री 9.30

सकाळची रोहूची अंडी उबायला लागलीत. कटल्याच्या टाकीला फवारा सुरू केला, मामांची पहिली पाळी लावली. नोंदवहीत तारीख, जात, माद्या, नर, वजनं, तळ्याचा क्रमांक लिहून टाकला. अशी वही ठेवायला दिवसाची दहा मिनिटं लागतात.

रायगडातल्या तळेवाल्यांना एक विनंती. पुढच्या वेळी बीज घ्यायला जाल तेव्हा भावाच्या आधी विचारा, त्या रात्री टाकीत कुठल्या जाती होत्या, नर किती होते, आणि प्रजनक शेवटचे बदलले कधी. वही दाखवा म्हणा. नसेल तर दुसरीकडे जा. माझ्याकडे नसेल तर माझ्याकडूनही घेऊ नका. आणि पनवेलकरांनो, घरच्या टाकीतला मासा नकोसा झाला तर दुकानदाराला परत द्या, मित्राला द्या. वडाळे, विश्राळे, कृष्णाळे, कुठल्याही तलावात सोडू नका.